फिप्स ‘राज्यपाल’ होता का?

सतराव्या शतकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर असलेल्या सर विल्यम फिप्सचं चरित्र मराठीत लिहिताना ‘गव्हर्नर’ला राज्यपाल म्हणावं की सुभेदार, असा प्रश्न आहे. मी म्हणेन, गव्हर्नरच राहू द्या.

राज्यपाल म्हटलं की आपल्याला राजभवन आणि शपथविधी आठवतो. फिप्सचं सगळंच निराळं. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या मेन प्रांताच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत वाढलेला हा जहाजांचा सुतार. कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटाजवळ बुडालेल्या स्पॅनिश गलबतातला खजिना त्याने 1687 मध्ये वर काढला आणि ‘सर’ झाला. 1690 मध्ये फ्रेंचांचं कॅनडातलं पोर्ट रॉयल हे ठाणं घेतलं. त्याच वर्षी फ्रेंचांच्याच क्वेबेकवर चालून गेला, पण तिथून मात्र हात हलवत परतला. मे 1692 मध्ये तो बॉस्टनला उतरला तो राजाने नेमलेला मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून. फौजेचा मुख्य तोच, विधिमंडळाचे कायदे अडवणाराही तोच. सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यांसाठी खास न्यायालय त्यानेच बसवलं आणि ऑक्टोबरात त्यानेच मोडलं. तोवर 19 जण फासावर गेले होते. एवढी सत्ता ‘राज्यपाल’ या शब्दात मावत नाही. शिवाय तिथे राज्य कुठे होतं? वसाहत होती!

खरी अडचण पुढे आहे. शेजारच्या प्लिमथ वसाहतीत गव्हर्नर मतांनी निवडला जाई. 1675 मध्ये नॅरागान्सेट या मूळनिवासी लोकांवर फौज घेऊन गेलेला जोसाया विन्स्लो हा असाच निवडून आलेला गव्हर्नर. आता ‘राज्यपालपदाची निवडणूक’ असं लिहून बघा, वाचक तिथेच अडखळेल.

सुभेदार शब्द माझ्या आवडीचा, कारण त्यात मुलूख आणि फौज दोन्ही येतात. पण वाचकाला मल्हारराव होळकर दिसतील, नाहीतर आजच्या लष्करातला हुद्दा.

गव्हर्नर शब्द आपल्याला परका नाही. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते आणि रिझर्व्ह बँकेच्या प्रमुखाला आजही कुणी राज्यपाल म्हणत नाही.

जाता जाता, लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम स्टॉटनला ‘उपराज्यपाल’ करू नका. दिल्लीच्या उपराज्यपालांच्या वर कुणी राज्यपाल नसतो; स्टॉटनच्या वर फिप्स होता. ‘दुय्यम गव्हर्नर’ चालेल. वसाहतीतल्या ‘मिलिशिया’ला शिबंदी म्हणायचा मोह मलाही झाला होता, पण शिबंदी पगारी असते आणि हे तर हाक आली की बंदूक घेऊन हजर होणारे गावकरी.