डॅलसला येताय, पिस्तुलावरच्या लेझरविषयी विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून डॅलसच्या जवळ बदली होते आहे, एच-वन बी व्हिसा आहे, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. महिन्यातला एक आठवडा तुम्हाला बाहेरगावी जावं लागणार, म्हणून घरी छोटं पिस्तूल ठेवायचं आणि त्यावर नेम दाखवणारा चांगला लेझर बसवायचा, तर तो कुठला? टेक्ससमधली दुकानं, भाव हे शोधलं की सापडतं, ते मी पुन्हा लिहीत नाही. पण ‘ती रात्री एकटी असेल’ हे तुमचं वाक्य वाचल्यावर गप्प बसवेना.

आधी कागद, कारण लेझरच्या आधी तोच आडवा येतो. एच-वन बी, एच-फोर (एच-वन बीवाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा), एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं विकत घेता येत नाहीत आणि जवळही बाळगता येत नाहीत. ग्रीन कार्ड आलं की ही अट सुटते. तोवरची नेहमीची वाट म्हणजे शिकारीचा परवाना: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला आणि मुदतीत असलेला. आता यातली मेख बघा. टेक्ससचा वार्षिक शिकार परवाना 31 ऑगस्टला संपतो, तुम्ही तो जुलैत काढला असलात तरी. 1 सप्टेंबरला नवा परवाना खिशात नसेल तर कपाटातलं पिस्तूल बेकायदा झालं. आणि तुमचा परवाना वहिनींना चालत नाही. त्या एच-फोरवर असतील तर त्यांना स्वतःचा लागेल. तुम्ही गावाला गेल्यावर पिस्तूल ज्यांच्या हाताशी हवं, त्यांनाच ते हाताळायची मुभा नाही, अशी गत बहुतेक घरांत असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, तेव्हा खरेदीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. हा खर्च वाचवू नका.

दुकानात बंदूक घेताना 4473 क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो. त्यात आय-94 चा, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीचा, क्रमांक मागतात, आणि तो भारतात जाऊन आलात की बदलतो, जुना लिहू नका. पत्ता ड्रायव्हिंग लायसन्सवरचा आणि राहता एकच हवा. मधलं नाव पूर्ण लिहायचं असतं आणि आपली अडचण तिथेच सुरू होते: पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं, लायसन्सवर ते कापलेलं, बँकेत तिसरंच काही. इथे येऊन कितीही वर्षं झाली तरी वडिलांचं नाव असं तुकड्यातुकड्यांत दिसलं की मनाला लागतं. जमल्यास आल्याआल्या, पहिलं लायसन्स काढतानाच, नाव पासपोर्टसारखं करून घ्या. पुढचे दहा फॉर्म सोपे जातील.

आता लेझर. रेड डॉट वेगळा आणि लेझर वेगळा. रेड डॉटचा ठिपका स्लाइडवरच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरच्या) काचेत दिसतो, लेझरचा समोरच्या वस्तूवर पडतो. पिस्तूल डोळ्यासमोर आणता आलं नाही तरी ठिपका दिसतो, हीच लेझरची जमेची बाजू.

कुठला घ्यायचा हे पिस्तुलाचा सांगाडा ठरवतो, आवड नाही. नळीखाली रेल, म्हणजे दिवा किंवा लेझर अडकवायची खाचांची पट्टी, आहे का ते बघा. ग्लॉक 43 या छोट्या पिस्तुलाला रेल नाही, 43एक्सच्या साध्या नमुन्यालाही नाही, त्याच्या रेड डॉट बसवता येणाऱ्या एमओएस नमुन्याला आखूड रेल आहे. सिग पी365 ची रेल तिच्या स्वतःच्या मापाची आहे, त्यामुळे सर्वांना बसणारा लेझर तिच्यावर बसत नाही. पूर्ण मॉडेल क्रमांक बघूनच मागवा. रेल नसेल तर ट्रिगर गार्डला (ट्रिगरभोवतीच्या कड्याला) दोन्ही बाजूंनी चिमटणारे लेझर मिळतात. क्रिमसन ट्रेसचा लेझरगार्ड किंवा स्ट्रीमलाइटचा टीएलआर-6 त्या जातीचे. स्मिथ अँड वेसनच्या जे-फ्रेम रिव्हॉल्व्हरला मुठीतच बसवलेला लेझर मिळतो. आणखी एक प्रकार पिस्तुलाच्या आतल्या स्प्रिंगच्या गाइड रॉड नावाच्या दांडीच्या जागी जातो. तो बाहेरून दिसत नाही आणि जुनं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, चालतं, पण त्याचा नेम तुम्हाला जुळवता येत नाही, कारखान्यातून येईल तोच. त्यामुळे मी तो सुचवणार नाही.

होल्स्टरचा विचार लेझरच्या बरोबरीने करा. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं होल्स्टर पिस्तूल आणि लेझर अशा जोडीच्या मापाने बनतं. लेझर चढवला की जुनं होल्स्टर बाद. ओढूनताणून बसवलंत तर ट्रिगर पूर्ण झाकला जात नाही, आणि ट्रिगर उघडा राहणारं होल्स्टर वापरायचं नसतं.

रंगाबद्दल फार वाद घालतात. लाल लेझर साधारण 635 ते 650 नॅनोमीटरचा, हिरवा 510 ते 532 चा. आपला डोळा उजेडात 555 च्या आसपास सर्वांत तिखट, म्हणून तेवढ्याच शक्तीचा हिरवा जास्त ठळक दिसतो. शक्ती वाढवायची सोय नाही, 5 मिलिवॅट ही मर्यादा आहे. टेक्ससच्या उन्हात लाल ठिपका सात-आठ यार्डांवरच (यार्ड म्हणजे जवळजवळ एक मीटर) हरवतो. पण तुम्हाला हवाय तो रात्री घरात, आणि तिथे लाल पुरेसा आहे. जुन्या पद्धतीचे हिरवे लेझर इन्फ्रारेड किरण स्फटिकातून नेऊन हिरवा करतात, ते बॅटरी खातात आणि थंडीत मंद होतात. हिरवाच घ्यायचा तर थेट हिरव्या डायोडचा, 515-520 चा घ्या.

बटणाला मी रंगापेक्षा जास्त महत्त्व देतो. मुठीवर नेहमीची पकड बसली की आपोआप पेटणारा लेझर सर्वांत भरवशाचा. टीएलआर-6 सारख्याचं बटण ट्रिगर गार्डपाशी असतं, ते मुद्दाम दाबावं लागतं. हात लहान असेल तर दाबताना पकड सरकते. वहिनींचा हात त्यावर ठेवून बघितल्याशिवाय घेऊ नका. मुठीतल्या लेझरचा किरण उजव्या बाजूने जातो. उजव्या हाताचं बोट ट्रिगरबाहेर सरळ ठेवलं की तो अडतो. हा दोष समजू नका. ठिपका दिसत नाही म्हणजे बोट जागेवर आहे.

नेम जुळवणं, म्हणजे इथे ज्याला झिरो करणं म्हणतात, ते असं. पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. दहा यार्डांवर कागद लावा, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवा, मागची खाच आणि पुढचा उंचवटा, म्हणजे माशी, एका रेषेत धरा. मग बारीक ॲलन कीने, एका वेळी पाव फेरा, ठिपका माशीच्या अगदी डोक्यावर आणा. त्यानंतर रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) टेकवूनच पाच-पाच गोळ्या झाडून खात्री करा. एका गोळीवरून स्क्रू फिरवू नका. लेझर नळीच्या एक इंच खाली असेल आणि दहा यार्डांवर जुळवला असेल, तर पाच यार्डांवर गोळी ठिपक्याच्या अर्धा इंच वर लागते, वीस यार्डांवर साधारण एक इंच खाली. घरातलं अंतर दहा यार्डांच्या आतच असतं, म्हणून पंचवीसवर जुळवायच्या फंदात पडू नका.

बिघडतं काय? धक्क्याने स्क्रू ढिले होतात. बसवल्यावर स्क्रू आणि बॉडीवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढा, रेघ तुटली की कळतं. निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) सुईच्या टोकाएवढा, तोही बसवायच्या स्क्रूंना, नेमाच्या स्क्रूंना नाही. प्लास्टिकला लागू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. स्क्रू फार आवळले तर पॉलिमरमधले आटे मरतात. भिंगावर तेल आणि काजळी बसली की ठिपक्याचा फराटा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली इअरबड पुरते. बॅटरी लहान असते: मुठीतल्यात 2032 क्रमांकाचे दोन चपटे सेल, चिमट्याच्यात 1/3एन प्रकारचे. टीएलआर-6 दिवा आणि लेझर मिळून तासभर चालतो आणि विसरलात तर दहा मिनिटांनी आपोआप विझतो. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, बॅटरी बदला. ती 31 ऑगस्टच ठेवा, परवानाही आठवेल.

लेझरचा खरा उपयोग सरावात आहे. रिकाम्या पिस्तुलात डमी काडतूस घालून, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, भक्कम भिंतीकडे ट्रिगर ओढा. ठिपका शेवटच्या क्षणी खाली उजवीकडे किंवा डावीकडे उडाला तर बोट चुकतंय, गोळीही तिकडेच जाईल. रोज दहा मिनिटं, मुलगी शाळेत असताना. तिच्यासमोर कधीच नाही. मुलांना तो लाल ठिपका मांजराशी खेळायचा वाटतो आणि ती धावत त्याच्यामागे जातात.

आणि अंधारात लेझर फक्त नळी कुठे आहे ते सांगतो, समोर कोण आहे ते सांगत नाही. म्हणून मी लेझर आणि पांढरा दिवा एकत्र असलेलाच घ्या म्हणतो, नाहीतर उशाशी वेगळी टॉर्च ठेवा. कोण आहे ते दिसेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. पाणी प्यायला उठलेली मुलगी आणि चोर, दोघांच्या अंगावर ठिपका सारखाच दिसतो. हे वाक्य लिहितानाही माझा हात थांबतो.

पेटी घ्यायची ती आकड्यांच्या कुलपाची आणि पलंगाला किंवा भिंतीला बोल्टने कसलेली. टेक्ससमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती तुमच्या निष्काळजीपणाने भरलेलं शस्त्र लागलं तर गुन्हा आहे.

शाळेचं सांगायला हवं, कारण ते कोणी सांगत नाही. तुमची मुलगी पहिल्याच सत्रात लॉकडाउन ड्रिल, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर लपायचा सराव, करेल: दिवे बंद, दारापासून लांब, भिंतीला टेकून चिडीचूप बसायचं. संध्याकाळी शाळेची मेल येते की सराव व्यवस्थित पार पडला. सहा वर्षांच्या मुलाला श्वास रोखायला शिकवतात आणि आपण त्या मेलला ‘थँक यू’ म्हणून उत्तर देतो, हे मला आजही पचत नाही. तिच्या मैत्रिणीची आई खेळायला पाठवण्याआधी विचारेल, घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का. रागावू नका, खरं उत्तर द्या, आणि तुम्हीही विचारायला लागा.

एकटेपणा येतो आणि सवयीचा होतो, त्यावर जास्त लिहीत नाही. पण वहिनींना विचारा की त्यांना भीती नेमकी कशाची वाटते. अनोळखी देशातल्या रात्रीची शांतता फार मोठी असते आणि पहिले सहा महिने प्रत्येक आवाज दाराचा वाटतो. त्या काळात घरात पिस्तूल नसलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. आधी दाराच्या चौकटीत तीन इंची स्क्रू मारून घ्या, बाहेर हालचालीवर पेटणारा दिवा लावा, शेजारच्या दोन घरांचे नंबर वहिनींच्या फोनमध्ये घाला आणि त्या दोघांकडे एकदा चहाला जाऊन या. ग्रीन कार्डाची रांग लांब आहे. तेवढ्या वेळात वहिनींनी रेंजवर भाड्याचं पिस्तूल चालवून बघावं, सोबत प्रशिक्षक असू द्या. भाड्याने घेण्यालाही व्हिसाची तीच अट लागू आहे, म्हणजे परवाना आधी त्यांच्याच नावाने काढायचा.