टँकर वाढवण्याआधी धुलाई बघा

प्रश्न : वडिलांनी दोन टँकरांवर सुरू केलेला खाद्यतेल वाहतुकीचा धंदा आता आम्ही तिघे भाऊ पाहतो. एक रसायन कारखाना कायमचे काम द्यायला तयार आहे. आहेत त्याच गाड्या वापरल्या तर चालेल का?

नाही. एकदा रसायनाला गेलेली टाकी पुन्हा खाण्याच्या मालाला न्यायचीच नाही. तेल घेणारे आधीच्या तीन खेपांत काय भरले होते ते विचारतात, आणि विचारायलाच हवे. धुतल्यावर आतला पत्रा लखलखतो, पण मॅनहोलच्या झाकणाखालचे रबर काढून नाकाशी धरा. जुन्या मालाचा वास तिथे, होजमध्ये आणि व्हॉल्व्हच्या खाचेत दडून बसलेला असतो.

वजनाचाही घोळ आहे. पाण्याची घनता १ धरली तर खाद्यतेलाची साधारण ०.९२, तर तीव्र सल्फ्युरिक आम्लाची १.८४, म्हणजे बरोबर दुप्पट. तेलाची टाकी आम्लाने निम्मी भरली की वजनाची मर्यादा संपली, आणि निम्मी भरलेली टाकी रस्त्यावर सर्वांत धोक्याची. हायड्रोक्लोरिक आम्ल तर स्टेनलेस स्टीललाही खाते, त्याला रबराचे अस्तर लागते. काम घ्यायचे तर त्या मालासाठीच बांधलेली, लहान टाकी घ्या. तेवढे भांडवल नसेल तर यंदा नाही म्हणा.

प्रश्न : मालट्रकचे मुरलेले ड्रायव्हर आहेत. त्यांच्या हाती टँकर द्यावा का?

लगेच नाही. ब्रेक लावल्यावर गाडी थांबते, पण आतला माल पुढे येऊन आदळतो आणि थांबलेली गाडी पुढे ढकलतो. दूध-तेलाच्या बऱ्याच टाक्यांत, धुलाई नीट व्हावी म्हणून, आडपडदे (माल अडवणाऱ्या आतल्या भोकाच्या भिंती) नसतात, त्यामुळे ही उसळी पूर्ण जोराने येते. आडपडदे असले तरी वळणावर बाजूला झुकणारा माल ते थोपवत नाहीत. जुन्या ड्रायव्हरसोबत पाठवा, आणि तोच ‘जमतंय’ म्हणेल तेव्हाच गाडी सोपवा. पगार नुसता फेऱ्यांवर ठेवू नका, वेग तिथूनच वाढतो.

प्रश्न : स्वतःचे धुलाई केंद्र काढावे का?

गाड्या दुसऱ्याच्या रांगेत ताटकळत असतील तर जरूर काढा. नवा टँकर घेण्याआधी तेच करा, असे माझे ठाम मत आहे. मात्र सांडपाण्याची सोय आधी, पंप नंतर. गरम धुलाईनंतर टाकी सगळीकडून बंद केली तर वाफ निवून आत पोकळी होते आणि पत्रा आत चेपतो. आणि हवा तपासल्याशिवाय, वर दोर धरून माणूस उभा असल्याशिवाय, कोणालाही आत उतरू देऊ नका. टाकीत कधी कधी भरलेला नायट्रोजन प्राणवायूची जागा घेतो, आणि त्याला वास नसतो. आतला बेशुद्ध पडला म्हणून धावत उतरलेला दुसराही दगावतो. तो बहुधा घरचाच असतो, म्हणून हे कळवळून सांगतो.

प्रश्न : उलाढाल वाढली, पण हातात काही उरत नाही. भाडे अजून काकाच तोंडी ठरवतात.

काकांच्या शब्दावर गिऱ्हाईक टिकले आहे, त्यांना बाजूला सारू नका. त्यांच्यापुढे प्रत्येक खेपेचा कागद ठेवा : परतीचे रिकामे किलोमीटर, धुलाई, उतरवताना गेलेले तास. टँकरला येताना सहसा दुसरा माल घेता येत नाही, हे त्यांना तुमच्याहून चांगले ठाऊक आहे. तो खर्च जाण्याच्या भाड्यात धरला जातो का, एवढेच पाहा. धरला जात नसेल, तर ज्या गिऱ्हाइकाकडे गाडी सर्वाधिक वेळ उभी राहते तिथून नवा दर मागायला सुरुवात करा.