पंधरापैकी पंधरा

"मॅडम, कागदावर पंधरापैकी पंधरा लिहिलंय. मग पोरगी अशी का वागती?"

अप्पांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. मी साताऱ्यात समुपदेशक आहे. शेजारच्या खुर्चीत त्यांची 28 वर्षांची मुलगी खिडकीबाहेर बघत बसली होती. घरात तिला सगळे ताई म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहायची परवानगी दोघांनीही दिली आहे. ताईनं तर "लिहा, पण मला बिचारी करू नका" असं बजावूनच दिली.

ताई कराडला एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीचे रिटर्न भरायची. आमच्या पहिल्या भेटीच्या सहा महिने आधी एका संध्याकाळी मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून घरी निघाली आणि महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर टेम्पोची धडक बसली. पुढचीच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मागचीच्या नव्हतं. (कायद्यानं मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे. आपल्याला अजून ते पटलेलं नाही.) मेंदूला मार, नऊ दिवस बेशुद्ध, दीड महिना हॉस्पिटल. हाडं जुळली, चालणं जवळजवळ पूर्वीसारखं झालं. आई अंगणवाडीत कामाला आणि अप्पा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे दिवसभर तिच्याजवळ अप्पाच.

आधी त्या पंधराचं सांगते, कारण या आकड्यानं मी अनेक घरांची फसगत झालेली पाहिली आहे. ग्लासगो कोमा स्केल 1974 साली ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी तयार केलं. पेशंट डोळे उघडतो का, बोलतो कसं, सांगितल्यावर हालचाल करतो का, या तीन गोष्टींचे मिळून कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 15 गुण. माणूस किती शुद्धीवर आहे, एवढंच ते सांगतं. पंधरा मिळालेल्याला स्वतःचं नाव, गाव, महिना सांगता येतो. पण कुकरच्या शिट्ट्या मोजताना फोन वाजला तर त्याचं काय होईल, ते त्या आकड्यात नसतं.

ताईचं नेमकं तेच होत होतं. गॅसवर दूध ठेवून ती अंगणात जाऊन बसायची. सांगितल्याशिवाय आंघोळीला उठायची नाही, सांगितलं की चिडायची. पाहुण्यांसमोर मनात येईल ते बोलून टाकायची. अप्पांच्या बहिणीनं निदान केलं होतं, "लाडावलीय. पडून राहायची सवय लागली." मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की काम सुरू करण्याची कळच ढिली होते. काय करायचं ते माणसाला माहीत असतं, पण उठून पहिलं पाऊल पडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा हुबेहूब आळस दिसतो.

हे सगळं मी अप्पांना समजावत होते आणि मधेच विचारलं, "रात्री झोप लागते का हिला?"

"मी हितंच बसलीय," ताई म्हणाली.

एवढी वर्षं हे काम करते आहे, आणि तरी माझ्याकडून ते झालं. मी तिची माफी मागितली, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तोच प्रश्न तिला विचारला. उत्तर यायला बराच वेळ लागला. अप्पांचे ओठ दोनदा हलले. मी हातानं त्यांना थांबवलं. "झोप लागते," ती शेवटी म्हणाली, "पण उठल्यावर पण दमलेली असते."

हे महत्त्वाचं वाक्य अप्पांनी सहा महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिच्या आधी अप्पाच उत्तर देत होते ना!

दुसऱ्या भेटीला अप्पा एकटेच आत आले, ताई बाहेर बसली. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "परवा मी हात उचलला तिच्यावर. मारलं नाही. पण उचलला. अठ्ठावीस वर्षांत कधी..." पुढचं त्यांना बोलता येईना. ताईनं चहाचा कप भिंतीवर फेकला होता. आणि मग तो प्रश्न आला, जो आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे आईबाप कुठल्या ना कुठल्या शब्दांत विचारतात: "करायचं तरी किती मॅडम? सोडून दिलं तर ती कुठंतरी भाजून घेईल. धरून ठेवलं तर माझ्याच अंगावर येती."

मोजमाप माझ्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे मात्र वही होती. ड्रायव्हरच्या सवयीनं ते रोज वेळा टिपून ठेवत: गोळ्या, जेवण, झोप, भांडण. आम्ही दोघांनी ती शेवटच्या पाच आठवड्यांची वही शांतपणे वाचली. कपाचं भांडण संध्याकाळी 6.40. त्याच्या आधीचं 7.15. एक दुपारी तीनला, घरात पाहुणे होते. सकाळचं एकही नाही. संध्याकाळी घरात टीव्ही चालू, कुकर चालू, आई कामावरून आलेली, शेजारणी डोकावणाऱ्या. दुखावलेल्या मेंदूला आवाज गाळून बाजूला ठेवता येत नाहीत. दिवसभर साधी साधी कामं करतानाच त्याची ताकद संपलेली असते. मग दुपारी दोन ते चार खोली बंद करून विश्रांती, संध्याकाळी टीव्ही बंद, पाहुणे सकाळी दहा ते बारा, असं ठरलं. ठरवताना ताईला बोलावून घेतलं. टीव्हीऐवजी मोबाइलवर हेडफोन लावून हळू आवाजात गाणी चालतील का, हे तिनंच विचारलं.

भांडणं थांबली नाहीत, कमी झाली.

त्याच बैठकीत मी अप्पांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. स्वतःचा तोल जातोय असं वाटलं की खोलीतून बाहेर पडायचं, अंगणात यायचं. आणि रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ते म्हणाले, "माझ्यासाठी?" हो, तुमच्यासाठीच.

मदत किती करायची, ते आम्ही चहापासून ठरवलं. रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनं गॅसच्या वरच्या फरशीवर चार चित्रं लावायला दिली: पाणी, साखर-चहापत्ती, दूध, गॅस बंद. अप्पांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. ती अडली की मनात दहा आकडे मोजायचे. तरी अडली तर विचारायचं, "आता पुढचं कुठलं?" काय करायचं ते सांगायचं नाही. हात फक्त जाळ किंवा उकळतं पाणी अंगावर येत असेल तेव्हाच घालायचा. पहिल्या आठवड्यात अप्पा मला फोनवर म्हणाले, "दहा आकडे फार लांब असतात, मॅडम." खरंच असतात. त्या दहा आकड्यांत मूल धडपडताना दिसतं आणि आपल्या हाताला काम नसतं. पण "आता पुढचं कुठलं" याचं उत्तर आपणच आधी देऊन टाकलं, तर तो प्रश्न तिच्या डोक्यात उगवायला जागाच राहत नाही.

मधे लग्नाचं निघालं. आत्यानं स्थळ आणलं, "संसाराला लागली की आपोआप ताळ्यावर येईल" म्हणून, आणि अपघाताचं सांगायची गरज नाही म्हणून. इथे मी समुपदेशकाचा मोजून-मापून बोलायचा स्वर बाजूला ठेवला. लग्न हे औषध नाही. दमणारा मेंदू नव्या घरात, नव्या माणसांत, पहाटेपासून रात्रीपर्यंत राबवला तर तो आणखी मोडेल. लपवून केलेलं लग्न तर तिलाच गुन्हेगार ठरवेल. उद्या तिला स्वतःला कुणाबरोबर राहावंसं वाटलं, तर ते तिनं सांगावं, सगळं उघड करून. अप्पांनी बहिणीला नकार कळवला. दिवाळीला बहीण आली नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

आईची काळजी वेगळी होती: आमच्यामागं काय? तिला मी एवढंच म्हटलं की आजपासून ताईचं बँकखातं ताईच्या नावावर, ताईच्या सहीनं चालू दे. मुलगी सज्ञान आहे. काही निर्णयांना आधार लागलाच, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, तिथेही निर्णय तिच्याशी मिळूनच घ्यायचा असतो. सगळी सूत्रं आईबापांच्या हाती, हा मार्ग सोपा वाटतो. पण ते हात थकतील तेव्हा तिला काहीच माहीत नसेल.

एक गोष्ट मी प्रत्येक घराला सांगते: वागणं अचानक बिघडलं, डोकं खूप दुखायला लागलं, उलट्या, गुंगी, झटका (फिट) आला, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं. आणि झटक्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं कधीही बंद करायच्या नाहीत.

आता अपघाताला दीड वर्ष होईल. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो, पुढे मंदावतो, पण दोन वर्षांनंतरही माणसं नव्या गोष्टी कमावतात. ताई पुन्हा रिटर्न भरत नाही. सीए साहेबांनी सकाळी दोन तास बिलं तारखेप्रमाणे लावायचं काम दिलं आहे. त्यात चुका होतात, त्या दुसरी मुलगी तपासते. यावर ताई एकदा माझ्याकडे खूप रडली, पूर्वी ती दुसऱ्यांच्या चुका काढायची म्हणून. त्या रडण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बसून राहिले.

गेल्या महिन्यापासून साताऱ्याला येताना एक नवा पाठ आहे. एसटीत ताई पुढे बसते, अप्पा शेवटच्या बाकावर. तिकीट तिनं काढायचं. महिलांना अर्धं तिकीट आहे, ते तिनं मागायचं, सुटे मोजून घ्यायचे. पहिल्या वेळी कंडक्टर अप्पांच्या ओळखीचा निघाला. ताईला स्टॉपचं नाव आठवेना, ती पर्समध्ये डायरी शोधत राहिली. मागची माणसं कुरकुरायला लागली, तसा त्यानं गर्दीवरून मागे आवाज दिला, "अप्पा, कुठलं देऊ हिचं?"

अप्पांनी मला नंतर सांगितलं की तोवर त्यांचं सातपर्यंत मोजून झालं होतं. मागच्या बाकावरूनच ओरडले, "तिला विचार."