क्लच दाबूनही स्टार्टर गप्प

प्रश्न : क्लच पूर्ण दाबूनही ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरत नाही. सेफ्टी स्विच (क्लच दाबल्यावरच स्टार्टरला करंट जाऊ देणारा) पॅडलच्या मागे, हात न पोचणाऱ्या जागी आहे. मिस्त्री म्हणतो, वायरी थेट जोडून टाकू. जोडाव्यात का?

उत्तर : अजिबात नको. मग ट्रॅक्टर गिअरमध्येही सुरू होतो आणि खाली उभ्या माणसाच्या अंगावर जातो.

न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पायाखालचा पत्रा काढला की निम्मी अडचण संपते. कनेक्टर सोडवून स्विचच्या दोन पिनांवर मल्टिमीटर बीपवर ठेवून लावा. बहुतेक स्विच त्यांची पुढची दांडी दाबल्यावर जोडतात. दाबूनही बीप येत नसेल तर स्विच गेला. बरेचदा मात्र कनेक्टरजवळची वायरच चिखलपाण्याने कुजलेली असते, ती आधी बघा.

जुना स्विच काढण्यापूर्वी लॉकनटच्या (स्विच जागी आवळणाऱ्या नटच्या) पुढे किती आटे दिसतात ते मोजा, नवा तितकाच बसवा. जास्त पुढे आला तर पॅडल पूर्ण दाबताना दांडी चेपून स्विच फुटतो. मागे राहिला तर जोडतच नाही. कनेक्टरला सुतळी बांधून ठेवा, आत घसरला तर शोधत बसाल.

शेवटी बॅटरीची वायर परत जोडून न्यूट्रलमध्येच, क्लच न दाबता चावी फिरवा : स्टार्टर फिरता कामा नये.