आधी डॉक्टर, मग ताओ

ताओ म्हणजे निसर्गाचा सहज मार्ग; तो सांगणारा प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्से वाचून दारू सोडायला निघालात, चांगलंच आहे. पण वू वेई, म्हणजे ओढाताण न करणं, हे शरीराला सांगून उपयोग नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. त्यामुळे सोडायची कशी, हे आधी डॉक्टरांना विचारा.

सुरुवातीला एवढंच धरा:

– तलफ आली की तिच्याशी भांडू नका. दात-ओठ खात बसलात की दिवसभर डोक्यात दारूच. बहुतेक वेळा ती थोड्या वेळाने आपोआप ओसरते. तोवर पोटभर जेवा, जागा बदला, कुणाला तरी फोन लावा.
– दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे कबूल करा. ए.ए.ची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेची, पहिली पायरी तीच.
– लाओत्से म्हणतो, गोष्ट लहान असतानाच निस्तरा. पगाराच्या दिवशी बारवरून जाणारा रस्ताच टाळा.

नवखे घसरतात ते 'प्रवाहाबरोबर जाऊ' म्हणत मित्रांच्या बैठकीत जाऊन बसतात तेव्हा. अहो, शरण दारूला नाही जायचं! शिवाय च्वांगत्से या दुसऱ्या ताओवादी तत्त्वज्ञाची गोष्ट कुणीतरी ऐकवेलच, गाडीतून पडूनही न मेलेल्या दारुड्याची. पुढचं मात्र सोयीने गाळतात: दारूने एवढं साधतं, तर निसर्गाने किती साधेल!

ध्यान, श्वास, ताई ची सगळं नंतर. या आठवड्यात ए.ए.ची एक मीटिंग गाठा; मागच्या खुर्चीत गप्प बसलात तरी चालेल.