तुमच्या लहानपणीचं उपनगर आता किती बदललंय? कुठली दुकानं आठवतात?

मी विलेपार्ले पूर्वची, ऐंशीच्या दशकात लहान होते. पार्ले म्हटलं की सगळे बिस्किटांच्या वासाबद्दल बोलतात आणि ते खरंच आहे, फॅक्टरी रुळांना अगदी लागून होती, लोकलमध्ये डुलकी लागलेला माणूस त्या वासाने जागा होऊन दाराकडे सरकायचा. १९२९ साली सुरू झालेली ती फॅक्टरी २०१६ मध्ये बंद झाली. पण तुम्ही दुकानांबद्दल विचारलंत म्हणून सांगते, मला सगळ्यात जास्त आठवतं ते दुकानात ताटकळणं.

सकाळी आरेचं दुधाचं केंद्र. पत्र्याचं कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन अंधारात जायचं, गाडी यायची असायची म्हणून लोक रांगेत पिशवी नाहीतर दगड ठेवून गप्पा मारत बसायचे आणि त्या दगडाला नंबर म्हणून मान असायचा, कोणी पुढे घुसलं तर चार काकू एकदम बोलायच्या. बाटल्यांची चकचकीत झाकणं आम्ही धुवून जपून ठेवायचो, दिवाळीत तोरणं करायला.

वाण्याकडे वही होती. महिन्याच्या सुरुवातीला बाबा हिशोब चुकते करायचे. मी सामान आणायला गेले की तो साखर कागदात बांधून दोरा दाताने तोडायचा आणि हातावर एक गोळी ठेवायचा, आणि घरी कोण पाहुणे आलेत हे त्याला माझ्या यादीवरूनच कळायचं!

पण खरी मजा गिरणीची. शनिवारी दुपारी शाळा सुटली की डबा घेऊन मलाच पाठवायचे आणि निघताना आई हमखास ओरडायची, "गव्हावर टाकायला सांग गं, ज्वारीवर नको". म्हणजे आधीच्या माणसाची ज्वारी दळून झाली असेल तर तिचं पीठ आपल्या गव्हात मिसळतं, पोळ्या नीट होत नाहीत, म्हणून गव्हाचं दळण येईपर्यंत थांबायचं. मग अर्धा अर्धा तास त्या धडधडीत बाकावर बसायचं, गिरणीवाल्या काकांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि तिथेच कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाला बँकेत लागली, कोणाची आजी आजारी आहे हे सगळं कळायचं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी एकदा आजारी होत्या तर त्यांचं दळण महिनाभर मीच आणून दिलं, कोणी सांगितलं नव्हतं, गिरणीत कळलं म्हणून. गरम डबा कमरेवर घेऊन घरी यायचं, फ्रॉकला पीठ लागलेलं.

आता गिरणीची ती बिल्डिंगच नाही. रिडेव्हलपमेंटमध्ये खाली दुकानं आली पण गिरणीला कोणी जागा दिली नाही, आवाज होतो म्हणे. विमानतळ जवळ असल्याने उंचीची बंधनं आहेत, त्यामुळे काही जुन्या इमारती अजून तशाच अडकून उभ्या आहेत, त्यातल्या लोकांचे हाल होतात हे मला दिसतं, लिफ्ट नाही, छत गळतं, त्यामुळे जुनं ते सगळं तसंच राहावं असं मी कधीच म्हणणार नाही. आईला नवीन घरात लिफ्ट आहे, दूध दारात येतं, पीठ मोबाईलवर मागवतो. पण तिला आता बिल्डिंगमधली निम्मी माणसं माहीत नाहीत आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीत तिने हट्ट धरला, चकलीची भाजणी घरीच भाजायची. भाजली, पण दळायची कुठे? रिक्षाने फिरून शेवटी एक गिरणी सापडली, तिथला माणूस म्हणाला अर्धा तास लागेल, डबा ठेवून जा. आई नाही म्हणाली, आम्ही थांबतो. बाकावर आणखी दोन बायका होत्या, पाच मिनिटांत कोण कुठली, माहेर कुठलं सगळं बोलून झालं. आणि आमचा नंबर आला तशी आई एकदम उठून पुढे गेली, "आत्ता कशावर दळलंत?"

तो म्हणाला, "तांदळावर आहे आजी, काळजी करू नका."