लाजवर्दी निळ्यात लाजवर्द असतो का?

प्रश्न असा आहे: संग्रहालयातल्या जुन्या इराणी फरशांची माहिती मराठीत लिहिताना एकीने गडद निळ्या झिलईला (ग्लेझ, म्हणजे फरशीवरचा काचेचा थर) 'लाजवर्दी' म्हटलं. तपासणाऱ्याने शब्द खोडला. रासायनिक तपासणीत त्या निळ्यात कोबाल्ट हा धातू सापडलाय, लाजवर्दाचा (लॅपिस लाझुली या निळ्या रत्नाचा) खडा नव्हे, असं त्याचं म्हणणं. मग शब्द चुकला का?

माझ्या मते चुकला नाही. केशरी फेट्यात केशर नसतं आणि मोरपंखी लुगड्यात मोराचं पीस नसतं. वस्तूच्या नावाला 'ई' जोडली की मराठीत छटा सांगितली जाते, घटक नव्हे. 'लाजवर्दापासून केलेली झिलई' असं लिहिलं असतं तर खोडायलाच हवं होतं.

पण या शब्दाच्या बाजूने आणखी भक्कम पुरावा आहे, आणि तो खुद्द काशान या इराणी फरशांच्या गावातला आहे. तिथल्या कुंभारांच्या नामांकित घराण्यातल्या अबुल कासिमने 1301 साली या कारागिरीची कृती फारसीत लिहून ठेवली. दहा भाग गारेच्या दगडाची (क्वार्ट्झची) पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती, इतक्या नेमकेपणाने. त्यात 'लाजवर्द' नावाच्या दगडाचं वर्णन येतं: काशानजवळच्या डोंगरातल्या कमसर गावचा, काळ्या कठीण दगडाच्या आवरणात चांदीसारखा पांढरा चमकणारा, कारागीर ज्याला 'सुलेमानी' म्हणतात तो. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द मुळातच निळा असतो, तो चांदीसारखा कसा दिसेल? हे वर्णन कोबाल्टच्या खनिजाचं आहे. म्हणजे भट्टीपुढे बसणारी माणसं सातशे वर्षांपूर्वीच कोबाल्टला लाजवर्द म्हणत होती. त्यांचाच शब्द आपण खोडायचा, हे मला पटत नाही.

आता तपासणीबद्दल, कारण शब्दाची निवड तिच्याशी जोडलेली आहे. क्ष-किरणांच्या तपासणीत झिलईतली मूलद्रव्यं कळतात. कोबाल्ट शेकडा अर्ध्या भागाइतकं असलं तरी काच गडद निळी होते, आणि या तपासणीत ते दिसतं. खऱ्या लाजवर्दाचं तसं नाही. त्यात सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि गंधक. यातली बहुतेक द्रव्यं झिलईत एरवीही असतातच, त्यामुळे तो नजरेतून निसटू शकतो. त्याला ओळखायला रामन वर्णपट लागतो (विखुरलेल्या प्रकाशावरून अणूंची जुळणी ओळखणारा, आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावाचा), कारण लाजवर्दाचा निळा रंग त्याच्या स्फटिकात अडकलेल्या तीन गंधक-अणूंच्या गटातून येतो आणि रामन वर्णपटात तो गट स्वच्छ उमटतो. गंमत म्हणजे अशाच तपासणीत, इराणच्या ज्या भाजलेल्या वस्तूंना अभ्यासक 'लाजवर्दीना' म्हणतात, त्यांतल्या काहींच्या झिलईत खरोखरचा लाजवर्द सापडला आहे. संशोधकांना ते अनपेक्षित होतं. म्हणून 'लाजवर्द नाहीच' हे वाक्य एकट्या मूलद्रव्यांच्या तपासणीवरून लिहू नये.

त्याच मजकुरातला दुसरा शब्द मात्र मी बदलेन: 'रंगद्रव्य'. लाजवर्दाचे कण काचेत कण म्हणूनच टिकले असतील, तर ते रंगद्रव्य. कोबाल्ट मात्र वितळलेल्या काचेत विरघळून जातं, त्याचा कण उरत नाही. तिथे 'कोबाल्टमुळे आलेला निळा' इतकं साधं लिहिलेलं बरं. पिरोजीचंही असंच. इराणी फरशांवरचा पिरोजी रंग पिरोजा कुटून आलेला नाही. क्षार जास्त असलेल्या झिलईत तांबं पिरोजी होतं, आणि तेच तांबं शिशाच्या झिलईत हिरवं होतं. खुद्द पिरोज्याच्या खड्याचा रंगही तांब्याचाच, त्यामुळे हा शब्द नकळत खऱ्या घटकाच्या आणखी जवळ जातो.

'ग्लेझ'साठी 'झिलई' योग्यच आहे. हा शब्द चकाकी देण्याच्या अर्थाच्या अरबी 'जिला'वरून फारसीमार्गे आला, म्हणजे फरशीच्या देशाकडूनच आपल्याकडे पोचला असं म्हणता येईल. 'मुलामा' इथे नको, तो सोन्याचांदीचा. दख्खनेत ही झिलई डोळ्यांनी पाहायची असेल, तर बिदरला बहमनी वजीर महमूद गवानच्या 1472 च्या मदरशाच्या भिंतीवर तिचे तुकडे अजून शिल्लक आहेत.

संस्कृतातल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत याच खड्याला 'राजावर्त' म्हणतात. तो शब्दही सुंदर आहे, पण इराणी फरशीच्या शेजारी मला परका वाटतो. तेव्हा मजकूर असा ठेवावा: 'गडद लाजवर्दी झिलई, निळा रंग कोबाल्टमुळे.'